तोंड बांधून केडगाव ते सुपा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चासजवळ रस्त्यावर सांडलेल्या बारीक खडीवरून योहान भिंगारदिव्यांची मोटारसायकल घसरली आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, सहा आठवडे गाडीचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं आणि चौथ्या दिवशी कामावर जायला मोकळीक दिली.

योहान सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लाईन सुपरवायझर होते. गाड्यांना लागणाऱ्या वायरींचे जुडगे तिथं बांधले जात. त्यांच्या हाताखाली बेचाळीस माणसं, त्यातल्या पस्तीस बायका. अकरा वर्षं ते केडगावहून स्वतःच्या गाडीवर जात होते. कंपनीची बस घरापासून दोनशे पावलांवर थांबते हे ठाऊक होतं, पण तिच्यात पाय ठेवायची वेळ कधी आली नव्हती.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला हात गळ्यात अडकवून ते थांब्यावर उभे राहिले. बस आली ती लांबूनच वाजत आली. हॉर्न नव्हता, आतला गलका होता. दार उघडलं, योहाननी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून स्वतःचाच आवाज ऐकला.

"सहा मिनिटं! सहा मिनिटं कुठं होतात तुम्ही? सहा मिनिटांत तीन जुडगे होतात, तीन!"

आवाज थोडा नाकातला, शेवटचा शब्द दोनदा. मधल्या वाटेत निकिता उभी होती. दुसऱ्या टेबलावरची, कामाला चलाख, घरी दीड वर्षाचं पोर. एका बोटानं मनगटावरच्या नसलेल्या घड्याळावर टकटक करत होती. सगळी बस पोट धरून हसत होती. मग कुणाचं तरी लक्ष दाराकडं गेलं, तिनं शेजारणीला कोपर मारलं, ते कोपर मागेपर्यंत पोचलं, आणि शेवटी निकितानं वळून पाहिलं.

ती मटकन खाली बसली. बस अशी गप्प झाली की इंजिन बिघडलंय की काय असं वाटावं.

"गुड मॉर्निंग," योहान म्हणाले.

"गुड मॉर्निंग सर," पंधरा-वीस आवाज एकदम आले, शाळेत येतात तसे. ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. त्यानंतर सुप्यापर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. चासला झाडलोटीच्या झुंबरबाई चढल्या, "आज मयत हाय का काय गाडीत?" म्हणाल्या, पण समोर साहेब दिसल्यावर त्याही हातातली पिशवी सावरत मागे गेल्या.

योहानना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. आपण कडक आहोत हे त्यांना माहीत होतं. कडक असणं त्यांना कामाचाच भाग वाटे. पण आपला आवाज नाकातला आहे हे मात्र सत्तेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला, हन्नाला विचारलं, "मी नाकात बोलतो का गं?"

हन्ना सहावीचे पेपर तपासत होती. "थोडंसं," ती मान वर न करता म्हणाली. "का?"

"काही नाही."

आठवडा गेला, दुसरा गेला. रोज तेच. बस थांब्यावर येईपर्यंत वाजायची आणि ते चढले की मुकी व्हायची. त्यांनी उपाय करून पाहिले. कानात वायर घालून डोळे मिटून बसायचे, म्हणजे यांना वाटेल साहेब गाणी ऐकतायत. मोबाईलवर काहीच लावलेलं नसायचं. कुणी फसलं नाही. एकदा त्यांनीच विषय काढून पाहिला, "ऊन लई वाढलं नाही का यंदा?" तर मागून "हो सर" एवढंच आलं आणि ऊन तिथंच संपलं.

त्यात ते पंधरा दिवसच असे की काही विचारू नये. प्लास्टरच्या आत खाज सुटायची. ऑफिसातली फूटपट्टी घालून खाजवताना ती अर्धी आत मोडून बसली, ती काढायला दवाखान्यात जावं लागलं. रविवारी चर्चमधली उपासना संपली की देवळाच्या अंगणात जो भेटेल तो थांबवायचा. हात कसा मोडला ते पहिल्यापासून सांगायचं आणि वर त्याचा एकेक उपाय ऐकायचा. एकानं हाडजोडीचा पाला सांगितला, एकानं खेकड्याचा रस्सा, एका बाईनं प्रार्थना करताना प्लास्टर इतकं दाबून धरलं की डोळ्यांत पाणी आलं आणि तिला वाटलं आत्म्याचा स्पर्श झाला. घरी वडील, स्टीफन गुरुजी, वय अठ्ठ्याहत्तर. ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र आणलंय ते कपाटात ठेवतात आणि टीव्ही असा लावतात की शेजाऱ्यांना बातम्यांसाठी वेगळा टीव्ही घ्यायची गरज नाही. शेजारी पहाटे पाचला पाइप लावून गाडी धुतात, पाणी यांच्या दारात. आणि कारखान्यात हर्षल.

हर्षल नवा प्लांट मॅनेजर. एकतीस वर्षांचा, पुण्याहून आलेला. सकाळी सातच्या आत ग्रुपवर त्याचे अकरा मेसेज पडलेले असत. पहिल्यात उगवता सूर्य, बाकीच्या दहांत कालच्या चुका.

आणि चुका खरंच वाढल्या होत्या. लाईनवर कधी नव्हे ते माल परत येऊ लागला. निळी वायर हिरवीच्या जागी. दोन बायकांचं खुर्चीवरून भांडण झालं, इतकं की एकीनं दुसरीचा डबा फेकला. निकिता एका दुपारी बाथरूममधून सुजलेल्या डोळ्यांनी आली. योहाननी सवयीनं घड्याळाकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं आणि पुढच्या टेबलाकडं वळले. 

तिसऱ्या आठवड्यात एकदा बस डिझेलला थांबली. बाकीचे पाय मोकळे करायला उतरले. ड्रायव्हर गहिनीनाथ चाकांवर लाथ मारून हवा बघत होता. बारा वर्षं याच रूटवर असलेला माणूस, बोलणं कमी.

"सायेब," तो म्हणाला, "राग न्हाई ना धरनार?"

"बोल की."

"तुमी बसायला लागल्यापासून माझी गाडी जड झाली."

"म्हणजे?"

"म्हंजे बगा, या बाया सकाळी चारला उठत्यात. सैपाक, पोरं, सासू, नवऱ्याचा डबा. गाडीत बसल्या की सुरू. सासू कशी बोलली, नळाला पानी कसं न्हाई आलं, रस्ता कसा उकरून ठेवलाय. मग कारखाना. मग तुमी." तो जरा थांबला. "तुमचा नंबर साधारन कामरगावला लागायचा. घाट उतरेस्तवर समदं भांडं रिकामं. सुप्यात हसत उतरायच्या. आता तोंड बांधून येत्यात अन् भरलेल्याच उतरत्यात. ते कुठं तरी सांडनारच ना?"

 निळी-हिरवी वायर, फेकलेला डबा, सुजलेले डोळे, सगळं योहानसमोर एका ओळीत उभं राहिलं. एवढी साधी गोष्ट ड्रायव्हरला कळली होती आणि रोज सायंकाळी चुकांची कारणं लिहिणाऱ्याला कळली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बस सोडली. केडगावहून काळीपिवळी जीप मिळायची. ती सीटा भरल्याशिवाय हलायची नाही आणि भरल्यावरही हलायची नाही, कारण ड्रायव्हरच्या मते अजून दोघं मावत. पहिल्या दिवशी एका गृहस्थाचं कोंबड्यांचं खुराडं त्यांच्या प्लास्टरवर टेकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी जीप चासला पंक्चर झाली. योहान सात वाजून बावीस मिनिटांनी गेटातून आत शिरले तर हर्षल लाईनच्या तोंडाशीच उभा.

"भिंगारदिवे, बावीस मिनिटं," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "तुम्हीच लेट आलात तर मी यांना काय सांगू?"

बेचाळीस माणसं खाली मान घालून वायरी बांधत होती. एकही हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं असं योहानना वाटलं.

त्या दिवशी परतीला ते मुकाट्यानं बसमध्ये चढले. एप्रिलचे दिवस, पत्रा तापलेला, पावणेचारची वेळ. सुपा सोडलं, आणि कामरगावच्या घाटाच्या अलीकडे बस थांबली. पुढं ट्रक, टेम्पो, ऊसवाल्यांचे रिकामे ट्रॅक्टर, सगळे उभे. गहिनीनाथ उतरून चौकशी करून आला. घाटात कंटेनर आडवा झाला होता. क्रेन नगरहून यायची होती.

"दीड-दोन तास कुठं जात न्हाईत," तो म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

अर्धा तास गेला. खिडक्यांतून गरम वाफ येत होती. बाटल्यांतलं पाणी संपत आलं. कुणी पदरानं वारा घेत होतं, कुणी घरी फोन करून हळू आवाजात "पोराला खायला घाल" सांगत होतं. निकिता फोनवर कुणाला तरी म्हणत होती, "अहो, मी काय मुद्दाम थांबलेय का?" मग तिनं फोन पर्समध्ये कोंबला आणि खिडकीकडं तोंड केलं. पंचवीस माणसांची बस, आणि माशी उडाली तर ऐकू यावी.

मागच्या सीटवरून झुंबरबाई उठल्या. वय पंचावन्नच्या पुढं, कंत्राटदाराकडून आलेल्या, त्यामुळं योहानच्या हाताखालीही नव्हत्या. दांडे धरत धरत त्या पुढं आल्या आणि योहानच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर बसल्या. तीन आठवडे ती सीट रिकामीच जात होती.

"सायेब, एक इचारू?"

"विचारा ना, मावशी."

"तुमाला काय वाटतं, आमी न्हाई बोललो तर तुमी आमाला चांगलं म्हनाल?"

योहानना हसू आलं नाही. "मी कुणालाच गप्प बसा म्हटलेलं नाही."

"म्हनायला कशाला पायजे? वाघ कुठं म्हनतो गप बसा?" मागून कुणाचं तरी दबलेलं हसू आलं. झुंबरबाईंनी मागं वळून बघितलं. "ए, हसायचं तर नीट हसा गं. माझा जीव घुसमटलाय आता. मीच बोलते. मला काय, मला कोन काढनार, माझ्या पगारात दुसरी बाई मिळत न्हाई."

मग त्यांनी सुरुवात केली. बायकांच्या बाथरूमची कडी दोन महिन्यांपूर्वी मोडलेली. एक आत गेली की दुसरीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं. म्हणजे एकीच्या कामाला दोघी उठणार. "अन् वर तुमी घड्याळ बगनार. सहा मिन्टं म्हनं! दार धरायला एक मानूस द्या, मग बगा तीन मिन्टात येत्यात का न्हाई."

"मला सांगितलं का नाही कुणी?" योहान म्हणाले. आवाज जरा चढलाच.

 मग खिडकीकडं तोंड असलेली निकिता तशीच, न वळता म्हणाली, "सांगितलं होतं सर. मीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मेंटेनन्सला मेल टाका."

"मग?"

आता ती वळली. "सर, आमच्यापैकी कुणाकडं मेल आहे?"

 मेल टाका, हे आपण म्हटलेलं योहानना आठवलं. दिवसातून दहादा ते कुणाला तरी असंच म्हणत. हर्षल त्यांना तेच म्हणे. ते खाली बघत म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

एवढं ऐकलं आणि धरण फुटावं तसं झालं. चहा येतो तो दहा मिनिटांच्या सुट्टीच्या आठव्या मिनिटाला, आणि तोही गार. पंख्याचं तोंड मशीनकडं, माणसाकडं नाही. टेबलांची उंची अशी की उंच पोरीची पाठ जाते आणि बुटक्या पोरीचे खांदे. मधल्या रांगेतली एक म्हणाली, तिच्या सासूनं घरात नवीन नियम काढलाय, कामावरून आल्यावर आधी अंघोळ, मगच पोराला हात लावायचा, जणू ती वायरी नाही, रोगराई बांधून येते. एकीचा नवरा रोज टॉवेल ओला करून गादीवर टाकतो, बारा वर्षं झाली, गादीला बुरशी आली पण त्याला लाज आली नाही. गहिनीनाथनं स्टिअरिंगवर हात ठेवून रस्त्यावरचं सगळं काढलं: बिनरंगाचे गतिरोधक, उलटे येणारे दुचाकीवाले, वर हात करून शिव्या देणारे. "अकरा महिने झालं तो रस्ता उकरून. खड्डा भरायचा सोडून त्याच्याशेजारी दुसरा खनत्यात, पहिल्याला सोबत म्हनून."

आता सगळे हसत होते, बोलत होते, एकमेकांचं तोडत होते. शेजारी उभ्या टेम्पोतला माणूस डोकं बाहेर काढून बघायला लागला.

"अन् तुमचं काय, सायेब?" झुंबरबाईंनी मधेच विचारलं.

"माझं काय?"

"तुमाला काय जाच न्हाई व्हय?"

योहाननी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. एवढ्या वर्षांची सवय होती. घरचं बाहेर नाही, वरचं खाली नाही. पण तोंडातून निघालं ते असं: "अहो मावशी, या प्लास्टरच्या आत अर्धी फूटपट्टी मोडून बसली होती."

आणि मग ते थांबलेच नाहीत. फूटपट्टी काढताना डॉक्टरांनी सिस्टरला बोलावून दाखवलं ते सांगितलं. देवळाच्या अंगणातली प्रार्थना सांगितली, तेव्हा मागच्या सीटवरची एक बाई हसून हसून खोकायला लागली. वडिलांच्या टीव्हीचं, शेजाऱ्याच्या पाइपचं, जीपमधल्या कोंबड्यांचं. हर्षलच्या सूर्याचं सांगताना ते क्षणभर चाचरले, पण मागून कुणीतरी म्हणालं, "सर, तो सूर्य आम्हाला पण येतो," आणि ते सुटले. सकाळी सगळ्यांसमोर बावीस मिनिटं ऐकून घेताना कान कसे तापले होते तेही त्यांनी सांगितलं. "आणि खरं सांगू का," ते म्हणाले, "तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते माझंच वाक्य होतं. मी रोज तुम्हाला तसंच म्हणतो."

दोघी-तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. 

"तुम्ही निदान बावीस तरी केली सर," निकिता म्हणाली. "आम्हाला सहालाच ऐकावं लागतं."

योहान मनापासून हसले. मान मागं टाकून, दुखरा हात दुसऱ्या हातानं धरून. आपण शेवटचं असं कधी हसलो होतो ते त्यांना आठवेना. छातीवर इतके दिवस काहीतरी ठेवलेलं होतं आणि कुणीतरी ते उचलून खाली ठेवलं, असं वाटत होतं. कुणी काही सोडवलं नव्हतं, कुणी सल्ला दिला नव्हता. अपवाद झुंबरबाईंचा, त्यांनी प्लास्टरच्या खाजेला स्वेटर विणायची सुई सुचवली, "बोथट बाजूनं, न्हाईतर पुन्हा दवाखाना."

पावणेसहाला क्रेननं कंटेनर बाजूला घेतला. बस हलली तेव्हा घाटात वारा सुटला होता. झुंबरबाई चासला उतरताना म्हणाल्या, "सायेब, आज बोललो म्हनून उद्या डूख धरू नका हां."

"मावशी, मीसुद्धा हर्षल साहेबांबद्दल बोललोय. तुम्ही कुणाला सांगू नका म्हणजे झालं."

"आमी?" झुंबरबाईंनी छातीवर हात ठेवला. "आमाला मेल कुठं हाय!"

घरी जाताना योहान केडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात थांबले आणि एक दणकट कडी घेतली. सकाळी ती मेंटेनन्सच्या कानिफनाथच्या हातात दिली. कानिफनाथ म्हणाला, याला आधी वर्क ऑर्डर लागेल. योहान म्हणाले, ती मी दुपारी लिहितो, तू आधी स्क्रू मार. दहा मिनिटांत कडी बसली. दोन महिने अडलेलं काम. चहाच्या वेळेचं बोलायला ते स्वतः कॅन्टीनमध्ये गेले, पंखे फिरवून घेतले. टेबलांच्या उंचीचं काही जमलं नाही. त्याला वरून मंजुरी लागते, ती अजून आलेली नाही. तसं त्यांनी लाईनवर उभं राहून सांगून टाकलं. पूर्वी ते "बघू" म्हणत. चुका त्या महिन्यात कमी झाल्या, एकदम नाही, हळूहळू.

बसमध्ये बोलणं परत आलं. अगदी पहिल्यासारखं नाही. योहान चढले की सासूचा आणि नळाचा विषय तसाच चालू राहायचा, पण कारखान्याचा विषय घाटाच्या जवळ येऊन कुठंतरी वळण घ्यायचा. त्यांना ते कळायचं. मोकळं व्हायलाही आडोसा लागतो, आणि साहेब गाडीत असताना तो आडोसा बायकांना मिळू शकत नव्हता, ते कितीही हसले तरी. याचं त्यांना आता वाईट वाटत नव्हतं.

एका शनिवारी हर्षल त्यांच्या टेबलाशी आला. हातात कालच्या मालाचा कागद होता, पण तो त्याकडं बघत नव्हता.

"भिंगारदिवे, दोन मिनिटं आहेत?"

योहाननी मनाची तयारी केली. हर्षलनं खुर्ची ओढली, बसला, कागद उलटा ठेवला. "पुण्याहून फोन होता," तो म्हणाला. "मला म्हणतात, तुमच्या प्लांटचे आकडे बघून झोप येत नाही. अहो, मलाही येत नाही! सावेडीत एकटा राहतो, मेसवाल्यानं तीन दिवस वांगं दिलंय, वर रोज जेवताना यांचा कॉल. घास तोंडात असतो आणि मला स्क्रीन शेअर करायला सांगतात."

योहानच्या जिभेवर दोन-तीन उत्तरं आली. चांगली मेस माहीत होती, पुण्यातल्या लोकांना कसं सांगावं तेही माहीत होतं. पण ते गप्प राहिले. खुर्ची थोडी पुढं घेतली आणि म्हणाले, "तीन दिवस वांगं?"

"तीन दिवस!" हर्षल म्हणाला, आणि सुरू झाला. वीस मिनिटं बोलत होता. योहाननी घड्याळ पाहिलं नाही. उठताना हर्षलनं कागद सरळ केला, त्यावर नजर फिरवली आणि म्हणाला, "हे सोमवारी बघू." पोरगा तसा वाईट नाही, योहानना वाटलं. सोमवारी मात्र ग्रुपवर सूर्य उगवलाच, त्याच्याखाली मेसेज तेवढे चारच होते.

एप्रिल संपता संपता प्लास्टर निघालं. आतून हात पांढराफटक आणि बारीक झालेला. डॉक्टरांनी पंधरा दिवस व्यायाम सांगितला, ते पंधरा दिवस योहान बसनंच गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जिलेबी दिली. निकितानं आभार मानले, झुंबरबाईंनी दोन जादा घेतल्या. "ऱ्हावा की बसमदी," कुणीतरी म्हणालं, आणि ते मनापासून म्हटलेलं होतं. तरी योहान म्हणाले, "नको, माझी गाडी गंजायला लागलीय."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ते पेट्रोल पंपावर थांबले होते. शेजारी डिझेलच्या रांगेत कंपनीची बस उभी होती. खिडक्या उघड्या, आतून एकच कल्लोळ. कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं, पण मधेमधे खदखदून हसू फुटत होतं. गहिनीनाथ खाली उतरून चाकाला लाथ मारत होता. योहानना पाहून त्यानं हात केला.

"काय म्हणते गाडी?" योहाननी विचारलं.

"हलकी झाली, सायेब." त्यानं बसकडं अंगठा केला. "कालपासून तुमचा नंबर परत चालू झाला."

"काय म्हणतात?"

गहिनीनाथनं क्षणभर विचार केला. मग मान हलवली. "ते न्हाई सांगायचा मी."

"नको सांगू," योहान म्हणाले. त्यांनी टाकीचं झाकण लावलं, हसत हसत किक मारली, आणि बसच्या आधी निघाले.